पिवळा, शंभर टक्के

ग्रॅनाइट ईगल या महिन्यात व्हिएतनामला पोचला.
छाती पुढे काढून, उडत,
पान तीन, चौकट दोन.
माझा रूडी गेला लष्करी विमानातून, दोनदा थांबत,
आणि ग्वामला त्याला ओकारी झाली,
असं त्यानं कळवलंय.
आईला कळवू नये ते सगळं तो कळवतो.

आम्ही ब्रिजपोर्टच्या बायका. तिसरा मजला, अकरा टेबलं,
खिडकीबाहेर शिवणयंत्रांचा कारखाना.
कॉमिकला रंग आम्ही देतो असं लोकांना वाटतं.
आम्हाला तो दिसतही नाही.
पारदर्शक फिल्म घ्यायची, निळा हवा तिथे
विटकरी घट्ट लेप द्यायचा,
मग दुसरी फिल्म, लाल हवा तिथे,
मग तिसरी. एका पानाला नऊ.
आकाश विटकरी, रक्त विटकरी, झेंडाही.
रंग न्यूयॉर्कहून आकड्यांत येतो
आणि इलिनॉयच्या छापखान्यात उजाडतो.

आकडे मला जपमाळेसारखे पाठ.
ईगलची कातडी: पिवळा पंचवीस, लाल पंचवीस.
त्याची मांडचोळणी निळा शंभर.
स्फोट पिवळा शंभर, कडेनं लाल पन्नास.
आणि तिथली माणसं,
पिवळा शंभर. बस्स.
लिंबू, टॅक्सी, केळं आणि ती.

"अशी असतात का गं माणसं?" डोरिना एकदा म्हणाली.
"आकड्यात असतात," मी म्हटलं,
आणि ब्रश धुतला.

मग पत्र आलं.
आई, तुमचा ईगल पोचला. तंबूत सगळ्यांनी वाचला,
घामानं त्याचा निळा माझ्या अंगठ्याला लागला.
दलदलीत उतरतो तरी बूट चकचकीत, गडी नशीबवान,
आमचे बूट निघतात ते कातडं घेऊन.
हिरवा चुकलाय. इथल्या हिरव्याला आकडा नाही.
आणि एक गंमत. कपडे धुणारी थोआ
टोपलीवर बसून पानं उलटत होती,
एका पोरावर बोट ठेवून तिनं मला खुणेनं विचारलं,
खालची पापणी ओढून, जीभ बाहेर काढून:
याला कावीळ झालीय का?

मी पत्र डोरिनाला वाचून दाखवलं. ती हसली.
मीही हसले, मग जेवणाच्या सुट्टीत
डबा न उघडताच बसून राहिले.
कावीळ झालेल्याला म्हणे जग पिवळं दिसतं.
नक्की कुणाला झालीय, ते काही त्या पत्रात नव्हतं.

पुढच्या अंकात, पान अकरा,
ईगल जळत्या खेड्यातून एक पोर उचलून आणतो.
पोराचे हात त्याच्या मानेभोवती.
पोरावर पेन्सिलीनं लिहिलेलं: पिवळा शंभर.
मी त्याला ईगलच्याच फिल्मांवर घेतलं.
पंचवीस, पंचवीस.
हात कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते
ते फक्त काळ्या रेघेला ठाऊक.
मिस्टर हॉलोवेंनी फिल्म उजेडासमोर धरली.
सगळं विटकरी. सही केली.

देशाचं त्यानं काही बिघडलं नाही.
ईगल जिंकला, झेंडा फडकला,
ओहायोच्या एका दहा वर्षांच्या मुलानं कार्यालयाला लिहिलं,
पान अकरावर चूक सापडली, बक्षीस काय?
हॉलोवेंनी ते पत्र भिंतीवर चिकटवलं
आणि आम्हा अकराजणींकडे एकेक करून पाहिलं.
मी ब्रशचं टोक जिभेवर ओलं करत होते.

छापील अंक आला तेव्हा प्लेट केसभर सरकलेली.
ईगल आणि पोर, दोघंही
आपापल्या रंगाच्या जरा बाजूला उभे,
जसं कुणी आपल्याच सावलीला
वाट करून द्यावी.

एक प्रत रूडीला पाठवली,
थोआला दाखव, असं कोपऱ्यात लिहून.
सहा आठवडे झाले.
त्यानं काहीच कळवलेलं नाही.
ओकारीचंसुद्धा नाही.