तुरीच्या भावात

अंगणवाडीतला काटा आढ्याला टांगलेला,
खाली चड्डीसारखी झोळी.
पंचवीस किलोंच्या पुढे तो मोजतच नाही.
एकोणीस वर्षं मी त्यात गावाची लेकरं लटकवली,
दोनशे ग्रॅम वाढले की हाका मारून आयांना सांगितलं.

आरोग्य केंद्रात डॉक्टरीण म्हणाली,
"गावंडेबाई, बारा किलो उतरवा.
गुडघे तुमचे आहेत, सरकारचे नाहीत."
मी मान हलवली,
फाट्यावर आले
आणि दुःखानं दोन आलुबोंडे खाल्ले, वर रस्सा.

एखादं पोर पिवळ्या पट्ट्यात गेलं
की मला रात्री झोप लागत नाही,
आणि त्याच गावात माझं अंग असं भरत गेलं.
ही लाज कुणाला सांगायची?
खात तरी काय होते?
दुपारी दीडला पातेल्याच्या बुडाशी लागलेली खिचडी.
मोजून घेतलेला तांदूळ, सही करून उतरवलेली डाळ,
ती उकिरड्यावर टाकवत नव्हती.
रोज दोन डाव.
एकोणीस वर्षं.

माणूस मावेल असा काटा गावात एकच,
भोजराज अडत्याकडे, पोत्यांचा.
बाजाराच्या दिवशी चपला काढून उभी राहिले.
त्यानं चष्मा कपाळावर नेला.
"एक्याऐंशी. तूर आज सात हजार.
बाई, तुमचे झाले पाच हजार सहाशे सत्तर.
हमाली वेगळी."
पोत्यांवर बसलेले सगळे हसले. मीही.
त्या रात्री उपाशी झोपायला गेले, तो मूर्खपणा.
अकरा वाजता शेवेचा डबा अंधारातही सापडला.

तरी पुढच्या बाजारी पुन्हा गेले.
का, ते नीट सांगता येत नाही.
निघताना तो म्हणाला होता, "येजा व बाई, भाव पाहू."
कुणी वाट पाहत असलं
की माणूस थोडं जपून खातं, एवढंच.

रजिस्टरच्या शेवटच्या पानावर माझी रेघ काढली.
मैना आत्रामच्या मायनं ती पाहिली.
"हे कोनाचं?"
"माझं."
"खाली काऊन चाललं?"
सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसली.
"मंग उतरलेलं माह्या पोरीले लावून द्या ना व!"

मैना नऊ किलो आठशे.
दिवाळी गेली, ती हलली नाही.
मी अठ्ठ्याहत्तरवर, मीही नाही.
दोघी रुसल्यासारख्या एकमेकींकडे बघायचो.
मग मार्गशीर्षात ती झोळीत बसली
आणि काटा दहाच्या खुणेला टेकला.
मी ओरडलेच.
खोटं कशाला बोलू, पोटात थोडं जळलंही.

फाट्यापासून गाव अडीच किलोमीटर.
गुल्हानेची काळीपिवळी रोज माझ्याजवळ थांबायची,
"बसा बाई, ऊन किती हाये!"
मी हात हलवायचे, नाही म्हणायचे,
कधी कधी बसायचेही.
एका शनिवारी तो थांबलाच नाही.
नुसता हॉर्न वाजवला, खिडकीतून हात काढला, गेला.
धुरळ्यात उभी राहून मला इतकं बरं वाटलं
की उरलेला रस्ता कसा सरला, कळलं नाही.
आता बसायची सोय राहिली नाही.
गावानं ठरवून टाकलं की बाई पायी चालते.

पौषात भोजराज म्हणाला,
"बहात्तर. भाव वाढला, पण माल घटला,
तुमच्यात आता परवडत नाही."
अजून तीन बाकी आहेत.
संक्रांतीचे तिळगूळ डब्यात आहेत,
डबा फळीवर, फळीला हात पोचतो.

सत्यभामा, माझी मदतनीस, यातलं कधी काही बोलली नाही.
कुणी मला विचारलं, कशानं उतरलं,
तर मी चालणं सांगते, भाकर सांगते, काकडी सांगते.
तिचं नाव घेत नाही, ती लाजेल.
मी हजेरी भरून उठेपर्यंत
पातेलं घासून पालथं पडलेलं असतं.
बुडाची खिचडी कुठे जाते, मी विचारलं नाही.
परवा तिच्या दारातली शेळी पाहिली.
भोजराजच्या काट्यावर न्यावी
अशी झाली आहे.