माणशी पन्नास लिटर

मी टँकर चालवतो. नाव नोल्बेर्तो.
पुढची काच तडकलेली, मागे आठ हजार लिटर.
सोमवारी आणि गुरुवारी
अगुआ मान्साच्या चढावर पिंपं माझी वाट बघतात,
प्रत्येकावर घराचं आडनाव रंगवलेलं.
गावाच्या नावात ‘अगुआ’ आहे, म्हणजे पाणी.
गावात तेवढंच.

माणशी रोज पन्नास लिटर.
त्यात आंघोळ, भांडी, कोंबड्या, लंगोट,
आणि पाहुणा आलाच
तर त्याची तहान त्याने बरोबर आणावी.

समोरचा डोंगर मात्र हिरवागार.
अव्होकाडोची झाडं उतारावर ओळीने,
प्रत्येकाच्या पायाशी काळी नळी,
नळीच्या तोंडाशी थेंब.
एका झाडाला दिवसाला किती, ते मी मोजलं नाही.
एउदोसियाने मोजलं.
सतरा वर्षं ती शेडमध्ये फळं निवडायची.
म्हणाली, एक झाड म्हणजे
मी आणि माझी सून.

आता हे पाणी मी भरतो कुठून, तर
मालकाच्याच विहिरीतून.
नगरपालिका त्याला पैसे देते,
मला मजुरी,
गावाला पावती.
नदी होती तेव्हा गावातून जायची, फुकट.
मग राजधानीत कुणीतरी
सेकंदाला इतके लिटर असे तिचे तुकडे पाडले.
ज्यांना कचेरीचं दार ठाऊक होतं
त्यांनी ते नावावर करून घेतले.
आमच्या बापांना फक्त नदी ठाऊक होती.

माणूस वाईट नव्हता हो.
हे मला नेहमी सांगावं लागतं.
लेओकादियोच्या पोराचं ऑपरेशन त्यानेच केलं,
चर्चला घंटा दिली,
नाताळात घरटी एक पेटी फळं,
निर्यातीत न बसलेली.
आम्ही टोप्या काढायचो.
टोपी काढली की ऊन जास्त लागतं, एवढंच.

गेल्या मार्चात तो गेला.
संगमरवरी कबर, आणि भोवती हिरवळ.
आमच्या कबरस्तानात हिरवळ!
जिथे आम्ही फुलंसुद्धा प्लास्टिकची वाहतो,
ती काही मागत नाहीत म्हणून.
“बाबांना हिरवं आवडायचं,” मुलगा म्हणाला,
आणि करार केला : कबरीमागच्या टाकीत
दर फेरीला अकराशे लिटर.
मी ओततो. पोरीला शाळेचे बूट लागतात.
हिशेब केला तर
गेलेला माणूस अजून सहा जणांचं पितो.

एके रात्री एउदोसिया दिसली तिथे.
गुडघ्यांवर, काळी शाल, मान खाली.
वाटलं, रडतेय.
जवळ गेलो तर
नळीचं टोक मातीतून उपसून तिने कॅनमध्ये सोडलं होतं
आणि ओठ हलवत थेंब मोजत होती.
मला बघून उठली नाही.
“बस जरा,” म्हणाली, “वेळ लागतो.
मेल्यावरही हात सैल सुटत नाही याचा.”

आता रोज चार-पाच शाली असतात.
पाद्री प्रवचनात म्हणाला, केवढी ही माया.
मुलगाही गहिवरला, असं ऐकलं.
हिरवळ मात्र कडेने पिवळी पडत गेली.
शहरातून एक तज्ज्ञ आला, कोवळा पोरगा,
माती उकरली, चिमटीत दाबली,
मला विचारलं, सगळं ओतता ना?
सगळं, म्हणालो. खरंच सगळं.
“मग कुठेतरी पाणी मुरतंय,” तो म्हणाला.

एउदोसियाच्या परसात
घेवड्याचा वेल कुडावरून पलीकडे गेलाय.

काल कबरीभोवती कुंपण आलं,
माणसाच्या उंचीचं, फाटकाला कुलूप.
किल्ली कुणाकडे ठेवायची, यावर बराच खल झाला.
शेवटी मला दिली.
पाणी मीच आणतो ना.

आज बुधवार.
किल्ली खिशात आहे, मांडीला टोचते.
रात्री दारावर थाप पडली,
बायकोने उघडलं.
बाहेर कुणी नव्हतं.
उंबऱ्यावर वाटीभर घेवडा,
सोललेला.