शून्य मिनिटं

माझ्या पडद्यावर दोन घरांमध्ये अंतर नसतं.
आठ पंधराला मिसेस ऑस्टलची आंघोळ आटोपते
आणि आठ पंधरालाच
विल्फ टिनियनच्या दारात न्याराद्झो हजर.
मधला साडेसहा मैलांचा रस्ता,
समुद्रावरून येणारा आडवा वारा,
मेरीपोर्टच्या पुलापाशी
कचऱ्याच्या गाडीमागे ताटकळणं,
याला रकाना नाही.

मी वर्किंग्टनच्या कचेरीत असते,
रेडिएटरला पाय लावून.
उंटावरून शेळ्या हाकायच्या, एवढंच काम.
उंट म्हणजे ही चाकांची खुर्ची.

घरात शिरल्यावर तिने फोन चौकटीवरच्या चिप्पीला टेकवायचा,
निघताना पुन्हा.
दोनदा टिंग.
दोन टिंगांमधली बाई पगारी.
बाकीची कोण, ते आम्ही विचारत नाही.

विल्फसाठी पंधरा मिनिटं मंजूर.
त्यात गोळ्या, लघवीची पिशवी, लापशी, चादर,
आणि सदरा.
सदऱ्याची बटणं विल्फ स्वतः लावणार.
चाळीस वर्षं त्याने इथल्या पोलाद कारखान्यात रूळ लाटले,
आता अंगठ्याचं तर्जनीशी पटत नाही.
पाच बटणं, सात मिनिटं.
तोवर न्याराद्झो पुढे झालेले हात
ऍप्रनच्या खिशात कोंबून उभी.
उशीर झाला की मी फोन करायचे.
‘निघालेच,’ म्हणायची.
रविवारी येशील? येईन.
दोन घरं जास्त घेशील? घेईन.
तिचा व्हिसा आमच्या कंपनीच्या नावावर आहे,
हे आम्हा दोघींनाही पाठ होतं.

फेब्रुवारीतला मंगळवार.
तिचा आवाज अगदी साधा होता.
‘विल्फ गेले. मी थांबते.’
तो खुर्चीत बसलेला,
तीन बटणं लावलेली, चौथं चिमटीत.
डॉक्टर यायला दोन तास,
पुतणी कार्लाइलहून निघालेली, वाटेत बर्फ.
पुढची तीन घरं मी दुसऱ्या मुलींमध्ये वाटून टाकली.
हे मला पटकन जमतं.

त्या दोन तासांतलं एवढंच मला कळलं:
तिने हीटर बंद केला,
लापशीचं भांडं घासलं,
आणि चौथं बटण तसंच राहू दिलं.
पुतणी म्हणाली, निदान तेवढं तरी लावायचं होतं.
‘ते त्यांचं काम होतं,’ ती म्हणाली.

महिनाअखेरीला पत्रक आलं.
टिनियन, डब्ल्यू. भेट अपूर्ण. देय मिनिटं चार.
पुढील तीन भेटी: गैरहजर.
मी ते मोठ्याने वाचून दाखवलं,
जणू मोठ्याने वाचलं की चूक ऐकू येईल कुणाला तरी.

ती काहीच बोलली नाही.
पिशवीतून एक वही काढली,
मुलांची असते तसली, हिरव्या पुठ्ठ्याची.
ऑस्टल. रस्ता १७. टिनियन. रस्ता २२. पेट्रोल.
दोन वर्षं, पानामागून पान,
पावसात शाई फुटलेली,
एका ठिकाणी नुसतंच: पंक्चर, ५०, चालत गेले.
शेवटची ओळ: विल्फजवळ, दोन तास दहा मिनिटं.

‘सोमवारी युनियनच्या बाईंना भेटतेय.
अकरा जणी आहोत.’
आणि व्हिसा?
‘तेही लिहिलंय.’
मग वही माझ्याकडे सरकवून,
‘वेळापत्रकं तू करत होतीस,
एवढंच लिहून सही हवी.’

रात्र झाली आहे. ती शेवटच्या तीन घरांना गेली.
उद्याचं वेळापत्रक समोर उघडं,
आठ पंधरा, आठ पंधरा.
मी दोन ओळींच्या मधोमध
सतरा टाकून बघते.
प्रणाली ते पुसते.
पुन्हा टाकते. पुसते.

वहीतलं सतरा मात्र आहे तिथेच आहे.
जाताना तिने पेन इथेच ठेवलं,
टोपण काढून.