कान तसेच राहिले

हडर्सफील्डच्या बाजारामागे
चाव्या करून देणाऱ्याच्या माडीवर आमचा स्टुडिओ.
डिसेंबर. चारलाच दिवे.
पडद्यावर मिसेस विनिफ्रेड कॅलिस्ट, वय एक्क्याऐंशी,
जांभळी टोपी,
चर्चच्या हॉलमधल्या हिरव्या भिंतीला अगदी खेटून बसलेल्या.
भिंतीनं हनुवटीखाली
शेवाळ धरल्यासारखा रंग सोडलाय.

पाकिटावर एवढंच: हिरवं काढा.

हिरवं ओढावं
तर मानेवर किरमिजी डाग उठतो,
कुणी चिमटा काढल्यासारखा.
तो दाबावा
तर गालाखालची सावली चुलीतल्या राखेची होते.
अजून थोडं, फक्त अजून थोडं म्हणत गेलं
की कपाळाचा सलग उतार तुटतो,
पायऱ्या पडतात,
गडद, फिकी, गडद,
शाळेच्या नकाशातल्या डोंगरासारख्या.

मी हात काढून घेतला.

मिरजेत, स्टेशनरोडला,
सत्त्याण्णव साली, शिंत्रे फोटोवाल्यानं
बारीक कुंचल्यानं माझा चेहरा उजळवला होता.
आई म्हणाली होती, फार नको, दोन छटा पुरे.
त्यानं तीन केल्या.
आणि जेवायची वेळ झाली म्हणून की काय,
कान तसेच राहिले.

मँचेस्टरच्या विमानतळावर सासूबाईंनी
पर्समधून तो फोटो काढला,
माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे, परत माझ्याकडे.
"कान तेवढे जुळतायत," म्हणाल्या,
आणि ट्रॉली ढकलू लागल्या.

तर मिसेस कॅलिस्ट.
नातवानं पाठवलेला फोटो
फोनाफोनांतून फिरून चोथा झालेला होता.
त्यात रंगच इतके कमी
की हलवायला गेलं की फुटायचे.
त्याला फोन केला, मूळ फाइल दे.
दोन दिवसांनी आली, जड, ढगळ, कच्ची,
प्रत्येक छटेला शेजारीण असलेली.

मग वेगळा थर, त्यावर मऊ कडांचा मुखवटा,
ओठ बाहेर, डोळ्यांचं पांढरं बाहेर.
उजेडाला हात लावायचा नाही, फक्त रंगाची दिशा वळवायची.
दहा टक्के. थांब. चहा.
पुन्हा दहा.
गालात खोल तांबडं निघालं,
चहा जास्त उकळल्यावर पातेल्याच्या कडेला धरतं तसं.
कपाळावर खिडकीचं निळं होतं, ते राहू दिलं.
कानाच्या पाळीमागे हिरवं किंचित ठेवलं,
भिंत होतीच ना तिथं.
कान तीनदा तपासले.
एकदा मोठे करून, एकदा खुर्ची मागे सरकवून,
एकदा, उगाच, आरशात माझे.

शनिवारी त्या स्वतः आल्या, काठी टेकत, जिना चढून.
फोटो दिव्याखाली धरला.
इन्फर्मरीत तेहतीस वर्षं नर्स होत्या,
नाडी मोजावी तसं पाहत राहिल्या.
चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही.
"टोपी," म्हणाल्या.
"माझी टोपी अशी आजारी का दिसतेय?"

किरमिजी दाबायचा तो पहिला थर
मी बंदच केला नव्हता.
त्यानं मानेचं काही केलं नाही,
टोपीचं जांभळं मात्र बसल्या बसल्या पिऊन टाकलं.

मी हसले. त्यांना कळेना का.
"बसा," म्हटलं, "पाच मिनिटं.
शिंत्र्यांची चूक आहे."