तीन वस्तू

वीज गेली आणि मी मेलो.
"मेलो!" एवढंच ओरडलो,
तर मावशी स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला मक्याचं पीठ.
मी खुर्चीत धडधाकट बसलेला बघून
तिनं आधी देवाचं नाव घेतलं, मग माझा कान धरला.

माराकाइबोत वीज जाते तेव्हा
पंखा थांबतो, फ्रिज उसासा टाकतो,
शेजारचा एउडोमार शिव्या घालतो, ठरलेल्या क्रमाने.
आणि तिकडे, उत्तरेच्या ओसाड पट्ट्यात,
माझा गडी हिरव्या ड्रॅगनसमोर
तलवार उगारून तसाच उभा राहतो.
ड्रॅगनला काय,
त्याच्याकडे वीज आहे.

अंधारात मावशी म्हणाली,
मेलास म्हणजे नक्की काय झालं?

म्हटलं, माणूस गावातल्या विहिरीपाशी परत उठतो.
अंगावर धड कपडा नसतो, पण जिवंत.
सामान मात्र मेला तिथेच पडतं.
सगळं?
नाही. तीन वस्तू सोबत राहतात.
कुठल्या तीन?
सगळ्यात महाग असतील त्या.
महाग कोण ठरवतं?
बाजार.

ती गप्प बसली.
सरोवरापलीकडे लखलखत होतं, आवाज न करता, रोजच्यासारखं.
आभाळात एवढी वीज
आणि भिंतीवर आमचं मीटर मेलेलं.

पडलेल्याचं काय होतं मग?
तासभर तिथेच राहतं.
आधी थोडा वेळ फक्त मला दिसतं,
नंतर येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना.
तास भरला की कुणालाच नाही.
आणि तूच आधी दुसऱ्याला मारलं असशील तर?
मग डोक्यावर कवटी येते. त्या तीनही जातात.
हे बरंय, मावशी म्हणाली.
एवढं तरी बरंय.

मग पीठ वाळलेल्या बोटांनी
मेणबत्ती चाचपत, मला नाही, टेबलाला सांगावं तसं:
एबेर्तो दवाखान्यात गेला, तेव्हा
घड्याळ गेलं, बूट गेले, नवा चष्मा गेला.
घरी आला तो दाढीचा ब्रश.
कुणी घेतलं सगळं?
येणाऱ्याजाणाऱ्यांनी.

मी मनात हिशेब मांडत होतो.
राहिलं: तलवार, चिलखत, माणकाची अंगठी.
पडलं: सव्वीस कातडी, तेवढीच हाडं,
म्हणजे डेन्मार्कच्या गिऱ्हाईकाचे साडेचार डॉलर,
म्हणजे पीठ, अंडी, आणि जमलं तर कॉफी.
आणि एक निळी टोपी. बाजारभाव अकरा नाणी.
टोपीचं मी मावशीला सांगितलं नाही.

एक्कावन्नाव्या मिनिटाला वीज आली.
कॉम्प्युटर उठायला चार मिनिटं घेतो,
त्याला घाई कळत नाही.
विहिरीपासून पळत सुटलो,
पूल, खंदक, मेलेली झाडं.
मावशी पाठीमागे उभी, खुर्ची घट्ट धरून,
जणू तिलाच पळायचं होतं.

कातडी नव्हती. हाडं नव्हती.
टोपी होती.
किती जण येऊन गेले असतील,
अकरा नाण्यांसाठी एकही वाकला नव्हता.

ही कुणाची?
तुझ्या युलेइसीची. लिमाला निघायच्या आदल्या रात्री
तिनं मला दिली, आणि खेळातून बाहेर पडली.
तेव्हापासून तिच्या नावापुढचा दिवा हिरवा झालेला नाही.

मावशीनं पडद्यावर बोट ठेवलं, पिठाचा ठसा उमटला.
परत मेलास तर?
परत पडेल.
मग पेटीत ठेव ना. पेटी असेल की काहीतरी.
आहे. बँकेत आहे. तिथलं कधीच जात नाही.
मग?
पेटीत ठेवली तर घालता येत नाही, मावशी.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
कढईत तेल तापलं होतं, वास येत होता.
मग म्हणाली, घाल.
आणि त्या हिरव्याला सांग,
दिवे जायच्या आत संपवायचंय.