वीस मिनिटं

वीस मिनिटं चालतं. मग बंद.
खोकत नाही, धूर नाही,
बोलता बोलता कुणी उठून जावं तसं.
अर्ध्या तासानं पुन्हा चालू,
जसं काही घडलंच नव्हतं.

सुपीरियर सरोवरात ऑगस्टातसुद्धा
पाण्यात हात घातला की बोटं मुकी होतात.
वारा पडला आणि इंजिनही पडलं
तर खडकाला कोण सांगणार, जरा सरक म्हणून?

चाळीस वर्षं सुकाणू मी धरलं
आणि खालचं सगळं रेइनोनं.
अशी वाटणी. कुणी ठरवली नव्हती.
मी वर शिडांवर ओरडायची,
तो पालथा पडून त्या चार सिलिंडरांशी
फिनिशमध्ये बोलायचा,
माझ्याशी बोलायचा त्याहून मऊ.

आता तो धक्क्यावर, खुर्चीत.
मार्चपासून उजवा हात मांडीवर,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा.
शब्द सगळे आहेत, म्हणते ती थेरपीवाली मुलगी,
फक्त येत नाहीत.

त्याची वही उघडली. पेन्सिल, तेलाचे अंगठे.
‘१९८८. आधी ठिणगी. मग पेट्रोल. मग जेवण.’

त्याआधी चार मिनिटं पंखा,
तळाशी साचलेली वाफ बाहेर जायला.
देवाला भ्यायला नाही इतका तो त्या वाफेला भ्यायचा.
मग प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली.
निळी, टच्चकन. ठीक.
पॉइंट घासले. फट मोजली काड्यापेटीच्या पुठ्ठ्यानं,
कारण मापाची पट्टी सापडेना.
(त्यानंच ठेवलीय कुठंतरी.
विचारलं की हसतो, अर्ध्या तोंडानं.)
कॉइल बदलली. एकसष्ट डॉलर.
वीस मिनिटं. बंद.

शेजारच्या बोटीवरचा ऑर्व्हिल म्हणाला, डिझेल बसव.
सांगणाऱ्याचं काय जातं?
ऐकणाऱ्याचे सात हजार जातात.

इंजिन गेलं की दर वेळी
रेइनो गाल फुगवायचा आणि सोडायचा: हुश्श.
मला वाटलं दमला. ब्लँकेट आणलं.
पुन्हा हुश्श. डावा हात बोटीच्या मागच्या अंगाला.
मला वाटलं घरी जाऊ म्हणतोय. कॉफी दिली.
निम्मी त्यानं सांडली, निम्मी मी.
लग्नाला त्रेचाळीस वर्षं,
आणि माणूस काहीतरी सांगतोय तर मी कॉफी देतेय.

चौथ्यांदा बंद पडलं तशी
कार्बोरेटरची वाटी उघडली.
कोरडी ठाक.
टाकी अर्धी भरलेली, फिल्टर स्वच्छ, पंप धडधाकट.
मग घोडं पेंड खातंय कुठं?
पेट्रोल किती उरलंय ते बघायला
टाकीचं झाकण फिरवलं

आणि टाकीनं श्वास घेतला.
लांब. आत ओढलेला. हुश्श.

वर बघितलं.
रेइनो डाव्या हातानं मांडी बडवत होता.

‘लोक्की’ या नावाच्या शेवटच्या अक्षराखाली
टाकीला हवा मिळायचं पितळी भोक, शिंपल्याएवढं.
एवढी वर्षं मी ते रंगवताना चुकवत आले,
कशाचं आहे ते कधी विचारलं नाही.
कपड्याच्या हँगरची तार सरळ करून आत घातली.
माती निघाली. वाळलेली, गोल,
कुंभारमाशीनं नीट लिंपलेली खोली,
आणि खोलीत कोळी, पाय मुडपून, अकरा,
तिच्या पोरांची शिदोरी.
सगळं त्याच्या चांगल्या तळहातावर ठेवलं.
तो कितीतरी वेळ बघत बसला,
इंजिनाकडं नाही, त्या कोळ्यांकडं.

मग चालू केलं.
घड्याळ काढून त्याच्या मांडीवर दिलं.
एकोणीस. वीस.
ऑर्व्हिलसुद्धा हातातलं सँडविच घेऊन उभा राहिला.
एकविसाव्याला रेइनोनं माझ्याकडं बघितलं,
गाल फुगवले नाहीत,
ओठ हलले, चांगले दोन-तीन वेळा.

धडधडीत काही कळलं नाही.
ऐकायचं तर इंजिन बंद करावं लागेल.