टॅक कोट

मानखुर्दचा लिंक रोड, रात्रीचे दोन.
कंप्रेसर बंद पडलाय, म्हणून
खरवडलेल्या जुन्या थरावर
धर्मी राठोड खराटा मारतेय.
"साहेब, बोट लावून बघा."
लावतो. बोट कोरं येतं.

मग फवारा.
टपरीवरच्या कडक चहाच्या रंगाचा.
यानंतर करायचं काहीच नसतं.
पाणी उडून
तपकिरीचं काळं होईपर्यंत
उभं राहायचं.

डंपर रांगेत घुरघुरतायत,
ताडपत्रीखाली माल निवतोय.
घोसाळकर मुकादम घड्याळ पुढे करतो,
"पाचला रस्ता खुला करायचाय.
वरून कुणाला काय दिसणार?"

खरंय, वरून दिसत नाही.
दिसतं ते सहा महिन्यांनी, बसथांब्यापाशी.
रोजच्या ब्रेकनं वरचा थर पुढे सरकतो,
नखं रुतल्यासारख्या
चंद्रकोरी उमटतात.

लॅबमध्ये असा एक कोअर हातात घेतला होता.
वरचा तुकडा धडधाकट, खालचाही.
मधे नुसती पिठासारखी धूळ.
टेबलावर ठेवला
आणि झाकण काढावं तसा सुटला.
रिपोर्टात काय लिहावं
मला बराच वेळ सुचलं नव्हतं.

मोजमाप वहीत फवाऱ्याचे चौरस मीटर भरतो.
खराट्याला रकाना नाही.

अडीचला, हॅलोजनच्या उजेडात,
धर्मी कडेला एक पाऊल टाकून बघते.
पाय वर येतो, चप्पल तिथेच.
"धरलं," म्हणते,
आणि दोन्ही हातांनी चप्पल उपटत
पेव्हरच्या वाटेतून बाजूला होते.